टोमॅटोचें कुल आणि शील

गेल्या जानेवारीत आमच्या शहरांतील एका उद्यानप्रेमी मंडळाचें वार्षिक प्रदर्शन भरलें होतें. गुलाब, शेवंती, निवडुंग ह्यांच्या नेहमींच्या विभागांबरोबर घरच्या भाजीपाल्याचा एक विभाग होता व त्यांत 'परंपरागत वाण' असा एक स्वतंत्र वर्ग राखलेला होता. आम्हीं आमच्या गच्चीवरील टोमॅटोची एक कुंडी मोठ्या हौसेनें तेथें नेऊन ठेविली. झाड सव्वातीन फूट उंचीचें, बुंधा अंगठ्याएवढा जाड, पानें काळपट हिरवीं व सुरकुतलेलीं, आणि अंगावर जांभळट तांबूस रंगाचीं सात फळें. परीक्षकांनीं एक फळ कापून चाखलें. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि एकानें दुसरी फोडहि उचलली. नंतर त्यांनीं चिठ्ठी वाचली. "सर, हा वाण तर दहापंधरा वर्षांपूर्वीं तयार केलेला आहे, हा परंपरागत कसा म्हणावा?" असें अदबीनें विचारून त्यांनीं आमची कुंडी 'इतर' ह्या वर्गांत हलविली. बक्षीस ज्या टोमॅटोस मिळालें त्याच्या बियांची पुडी मालकानें शेजारींच टाचून ठेविली होती. पुडीच्या तोंडावर ठळक अक्षरांत 'देशी' असें होतें. पाठीवर, चष्मा लावून वाचावें लागेल इतक्या बारीक अक्षरांत, 'एफ-१ संकरित' असें होतें.

बक्षीस हुकलें म्हणून हा लेख लिहिला आहे असें कोणी म्हणतील. तें अगदींच खोटें नाहीं. परंतु राग ओसरल्यावरहि जो प्रश्न शिल्लक राहिला तो आमच्या कुंडीपुरता नाहीं. वाणाची योग्यता त्याच्या वयावरून ठरवावयाची कीं गुणांवरून? सुशिक्षित घरांतून 'परंपरागत' ह्या शब्दाचें माहात्म्य अलीकडे फार वाढलें आहे. तांदूळ गावठी पाहिजे, गूळ गावरान पाहिजे, तूप देशी पाहिजे. आणि टोमॅटोच्या पाठीमागें 'एअरलूम' हें इंग्रजी बिरुद लागलें कीं चौपट भाव मोजावयास कोणी मागेंपुढें पाहत नाहीं. जुन्याविषयीं आदर असणें वाईट नव्हे. परंतु कुळाची कसून चौकशी करावयाची व शीलाकडे डोळेझांक करावयाची, ही आपली लग्नकार्यांतील खोड आतां भाजीच्या टोपलींतहि शिरली आहे, आणि तेथें ती लग्नांतल्याइतकीच फसते.

'एअरलूम' ह्यास मराठींत नेमका शब्द हवा तर 'वडिलार्जित' हा आहे. आपल्याकडे मिळकतीचे दोन प्रकार सर्वांस ठाऊक आहेत, एक वडिलार्जित व दुसरा स्वकष्टार्जित. भाऊबंदकीचे निम्मे दावे ह्या दोन शब्दांवर चालत आले आहेत. पण आज जी वडिलार्जित म्हणून मिरविली जाते ती मिळकत कोणा तरी पणज्याच्या हयातींत स्वकष्टार्जितच होती. वाणाचेंहि तसेंच आहे. परंपरागत वाण कोणता ह्याची व्याख्या करतांना कोणी पन्नास वर्षांची अट घालतात, कोणी दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीची रेघ ओढतात. ह्या अटींस कोणताहि शास्त्रीय आधार नाहीं. ती केवळ सोय आहे.

अमेरिकेंत परंपरागत टोमॅटोंच्या यादींत 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे 'गहाण सोडविणारा', ह्या नांवाचा एक वाण मोठ्या मानानें गणला जातो. तो कोणा प्राचीन जमातीनें जतन केलेला नाहीं. वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील लोगन येथें एम. सी. बाइल्स ह्या नांवाचे एक गृहस्थ मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करीत असत. त्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत मोठ्या फळांचे कांहीं टोमॅटो एकमेकांशीं लावून, वर्षानुवर्षें निवड करून हा वाण सिद्ध केला. रोपें एकेक डॉलरास विकलीं आणि त्या पैशांतून सहा वर्षांत घरावरील सहा हजार डॉलरांचें कर्ज फेडलें. बाइल्स ह्यांनीं आपली कुंडी त्या काळांत आमच्या मंडळाच्या प्रदर्शनांत आणली असती तर तीहि 'इतर' ह्याच वर्गांत गेली असती.

मुळांत टोमॅटोस आपल्या भूमींत देशी म्हणणें हाच एक विनोद आहे. ह्या वनस्पतीचें माहेर दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा. तिला लागवडींत आणून मोठें केलें तें मेक्सिकोंतील लोकांनीं. आणि आपल्याकडे ती आली ती पोर्तुगीजांच्या मागोमाग. बंगाली लोक त्याला 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगें, असें उघडउघड म्हणत. आमच्या आजीनें मरेपर्यंत टोमॅटोस शिवून घेतलें नाहीं; कापल्यावर तो मांसासारखा दिसतो, एवढें कारण तिला पुरेसें होतें. तिच्या पणतीस मात्र तोच टोमॅटो सनातन वाटतो! ज्या 'पुसा रुबी' वाणास आज पुष्कळ लोक जुना देशी टोमॅटो समजून लावतात, तो दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत 'सू' नांवाचा अमेरिकन वाण आणि 'इम्प्रूव्हड मीरुती' ह्यांच्या संकरांतून निर्माण झालेला आहे. ह्यांत कमीपणा कांहींच नाहीं. वाण चांगला आहे, त्याचें बीं धरतां येतें, फळ आंबटगोड लागतें. आम्ही त्याचे चाहते आहोंत. फक्त त्यास सोंवळें नेसवूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

मग जुन्या टोमॅटोंत मोलाचें तें काय? आमच्या मतें दोन गोष्टी. पहिली चव. बाजारचा टोमॅटो बेचव कां झाला ह्याचीं कारणें आतां बऱ्याच अंशीं उकललीं आहेत. तो लांबचा प्रवास सोसावा म्हणून जाड सालीचा व घट्ट निवडला गेला, आणि हिरवट असतांनाच तोडला जाऊं लागला. त्यांत आणखी एक गंमत झाली. जुन्या टोमॅटोचें कच्चें फळ देंठाजवळ गडद हिरवें असतें. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारापासून संवर्धकांनीं एकसारख्या फिकट हिरव्या रंगाचीं फळें मुद्दाम निवडलीं, कारण तोडणीची वेळ त्यावरून सहज ओळखूं येते. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं तो गडद हिरवा खांदा निरर्थक नव्हता. फळांतील हरितद्रव्य वाढवून साखर तयार करण्यास मदत करणारें जनुक त्यामागें होतें, आणि रंगाच्या मोहापायीं संवर्धकांनीं नकळत तेंच निकामी झालेलें झाड पिढ्यान्‌पिढ्या उचलून धरलें होतें. सुबक दिसण्यासाठीं गोडी गेली.

दुसरी गोष्ट चवीहूनहि महत्त्वाची. टोमॅटोचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. त्यामुळें स्थिर झालेल्या वाणाचें बीं धरलें तर पुढील वर्षीं तेंच झाड उगवतें. पिकलेलें फळ पेल्यांत पिळावें, दोनतीन दिवस आंबूं द्यावें, वर येणारा फेस टाकून बीं धुवावें व बशींत वाळवावें. कागदावर वाळविल्यास चिकटून बसतें. एवढ्यानें मनुष्य बियाण्याच्या बाबतींत स्वतंत्र होतो. संकरित पुडीचें तसें नाहीं. तिचें बीं धरून लावलें तर पुढच्या पिढींत नाना तऱ्हेचीं झाडें निघतात, आणि गिऱ्हाइकास दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. तेव्हां परंपरा म्हणून जपण्याजोगा गुण हाच आहे. वाण आजोबांकडून आला कीं नाहीं हें आम्ही विचारीत नाहीं. तो नातवाकडे जाऊं शकतो कीं नाहीं हें विचारतों. बक्षीसपात्र पुडी ह्या कसोटीस उतरत नाहीं व आमची 'इतर' कुंडी उतरते.

आतां ती कुंडी. जुने चवदार टोमॅटो बहुतेक उंच वाढणारे. सात-आठ फूट वेल जातो, त्याला मांडव पाहिजे, मोकळी जमीन पाहिजे. आपल्यापैकीं बहुतेकांच्या नशिबीं चार फूट रुंदीची गॅलरी. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा भाव किलोस शंभर रुपयांवर गेला तेव्हां आमच्या इमारतींत घरोघरीं कुंड्या आल्या, आणि दिवाळीपर्यंत त्या वेलांनीं वाळत घालण्याच्या दोऱ्यांवर कबजा केला. ठेंगणीं झाडें पूर्वींहि होतीं. 'ड्वार्फ चँपियन' हा वाण एकोणिसाव्या शतकांतला आहे. परंतु अशा वाणांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि उंच वाणांच्या रंगांची व चवींची विविधता त्यांत नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचें काम कोणत्या विद्यापीठानें किंवा कंपनीनें केलें नाहीं. अमेरिकेंत उत्तर कॅरोलिनांत राहणारे क्रेग लहूलिअर हे व्यवसायानें रसायनशास्त्रज्ञ आणि हौशी बागवान, आणि पॅट्रिना नुस्के स्मॉल ह्या ऑस्ट्रेलियांतल्या हौशी बागवान, ह्या दोघांनीं २००५ च्या सुमारास हा उद्योग आरंभिला. ठेंगणे वाण व जुने उंच चवदार वाण ह्यांचे संकर करावयाचे आणि त्यांतून मोठ्या फळांचीं, चवदार, पण ठेंगणीं झाडें वेंचून काढावयाचीं. पहिल्या संकरांच्या कुळांना त्यांनीं स्नो व्हाइटच्या गोष्टींतील सात बुटक्यांचीं नांवें दिलीं. हौशी माणसांच्या कामांत असा थोडा पोरकटपणा असतोच, आणि असावा. शेंकडों स्वयंसेवक आपापल्या परसांत एकेक कूळ वाढवूं लागले. दक्षिण गोलार्धांतला उन्हाळा उत्तरेच्या हिंवाळ्यांत पडतो. म्हणून अमेरिकेंत पिकलेल्या फळाचें बीं ऑस्ट्रेलियांत पेरून एका वर्षांत दोन पिढ्या काढतां येत. २०१० पासून ह्या प्रकल्पाचे वाण बाहेर पडूं लागले व आज ते शंभराहून अधिक आहेत. आमच्या कुंडींतील 'रोझेला पर्पल' हा त्यांतलाच. बंगळुरास राहणाऱ्या एका स्नेह्यानें घरच्या फळांतून धरलेलें बीं आम्हांस पाकिटांतून पाठविलें होतें.

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. वनस्पतिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण ह्या कामामागचें शास्त्र इतकें सुबोध आहे कीं मॅट्रिकच्या मुलासहि उमजावें. ठेंगणेपणाचें जनुक अप्रभावी. म्हणून ठेंगणें व उंच ह्यांच्या पहिल्या पिढींतील सगळीं झाडें उंच निघतात, आणि पाहणारा म्हणतो कीं प्रयोग फसला. दुसऱ्या पिढींत सरासरीनें चारांत एक झाड ठेंगणें येतें. मेंडेलनें वाटाण्यांत पाहून १८६६ सालीं छापलेला हिशेब तो हाच. सोय अशी कीं ठेंगणें झाड ओळखण्यास फळाची वाट पाहावी लागत नाहीं. रोप वीतभरहि झालेलें नसतें, तोंच त्याचा आंखूड जाड बुंधा व चुरगळलेलीं पानें त्याची जात सांगतात. नको तीं रोपें त्याच वेळीं बाजूस सारतां येतात. थोड्या जागेंत मोठी निवड होते. मग फळाचा आकार, रंग, चव एकसारखी स्थिर होईपर्यंत सात-आठ पिढ्या. ह्या जनुकाचा शोध १९९६ सालीं पक्का लागला. झाडाची उंची वाढविणाऱ्या एका वनस्पतिज संप्रेरकाच्या निर्मितींत तें उणेपणा आणतें.

चुरगळलेल्या पानांवरून आठवलें. आमच्या रोपवाटिकेच्या माणसानें हीं रोपें पाहतांच "सर, ह्याला पांढऱ्या माशीनें रोग दिला, उपटून टाका," असा सल्ला दिला होता. रोगानें आकसलेलें पान पिवळसर, लहान व वर वळलेलें असतें. ह्या वाणांचें पान मोठें, गडद आणि नुसतें सुरकुतलेलें. ज्यांस हीं झाडें लावावयाचीं असतील त्यांनीं हा भेद लक्षांत ठेवावा, नाहींतर निरोगी रोप उकिरड्यावर जावयाचें. वीस लिटरची कुंडी, एक भक्कम काठी, आणि पाण्यांत नियमितपणा एवढी त्यांची मागणी. पाणी एक दिवस भरपूर व दोन दिवस मुळींच नाहीं असें झालें कीं फळाचें बूड काळें पडतें. पुण्याच्या हवेंत ऑगस्टअखेर बीं टाकलें तर नाताळांत फळ हातीं येतें. उन्हाळ्यांत फुलें गळतात व मनस्ताप तेवढा पिकतो.

आमच्या कृषिमहाविद्यालयांतील एका मित्रानें ह्या सर्वांवर एक आक्षेप घेतला आहे, आणि तो परीक्षकांच्या आक्षेपाहून पुष्कळ वजनदार आहे. तो म्हणतो, "गच्चीवर सहा कुंड्या सांभाळणारा प्राध्यापक आणि दोन एकर टोमॅटो कर्जावर लावणारा नारायणगांवचा शेतकरी ह्यांना एका मापानें मोजूं नकोस." आम्ही हें मान्य करतों. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेनें काढलेला 'अर्का रक्षक' हा संकरित वाण पर्णगुच्छ, मर व करपा ह्या तिन्ही रोगांस तोंड देतो. आमचा 'रोझेला पर्पल' तसा देईल असें आम्ही म्हणत नाहीं. शेतकऱ्यानें संकरित बियाणें घेतलें तर त्यांत त्याचा दोष नाहीं, आणि त्यास परंपरेचे धडे देणाऱ्या शहरी मंडळींनीं आधीं त्याचें कर्ज फेडून दाखवावें. पण हाच मित्र पुढें जाऊन म्हणतो कीं नवे वाण काढणें हें तज्ज्ञांचें काम, हौशी माणसानें त्यांत पडूं नये. येथें आमचा त्याचा मार्ग फुटतो. गहू, भात, वांगें, मिरची ह्यांचे हजारों वाण कोणत्या तज्ज्ञानें काढले? अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनीं गांवोगांवचे वाण गोळा करून, पेरून, वाटून जिवंत ठेविले. आपण त्यांचा सत्कार करतों, भाषणें करतों, आणि बीं मात्र पुडींतून विकत आणतों.

ह्यांत आणखी एक धोका आहे, आणि आमच्या लेखाचें खरें कारण तोच. परंपरेचें दार एखाद्या सालावर बंद करून टाकलें म्हणजे जुने वाण ही पुराणवस्तुसंग्रहालयांतील भांडीं होतात, आणि नवें काढण्याचा सगळा प्रांत ज्यांना बियाण्यावर मालकी पाहिजे त्यांच्या हातीं आपोआप जातो. 'जुनें तें सगळ्यांचें, नवें तें कंपनीचें', अशी ही वाटणी आहे. आणि ती मान्य करणारे आपण स्वतःस परंपरेचे रक्षक समजतों! ठेंगण्या टोमॅटोंच्या मंडळींनीं ही वाटणी नाकारली. त्यांचे वाण २०१२ सालीं स्थापन झालेल्या 'ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह' ह्या संस्थेच्या प्रतिज्ञेखालीं दिलेले आहेत. प्रतिज्ञेचा आशय असा कीं हें बीं वाटेल तसें वापरा, पेरा, विका, त्यापासून नवा वाण काढा. मात्र त्यावर किंवा त्याच्या संततीवर पेटंट वगैरे घेऊन दुसऱ्याचा हात धरूं नका, आणि देतांना हीच अट सांगून द्या. आपल्याकडे २००१ च्या वनस्पति वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचें बीं छापील नांवानें विकण्याची तेवढी मनाई. कायदा चांगला आहे. परंतु बीं राखण्याची संवयच गेली तर हक्क कागदावर वाळत पडावयाचा.

म्हणून आम्हीं, प्राध्यापकास न शोभणारा उद्योग म्हणा, एक संकर स्वतः केला. आमच्या वडिलांच्या गांवीं, वाईजवळ, परसांत एक चपटा, कंगोऱ्यांचा, जिभेस झिणझिण्या आणणारा आंबट टोमॅटो आपोआप उगवतो. सारास तोच पाहिजे असें आमच्या आईचें मत होतें. ठेंगण्या झाडाची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशीं चिमट्यानें पुंकेसरांची पिवळी नळी ओढून काढावयाची आणि उघड्या पडलेल्या केसरावर गांवठी फुलाचे पराग लावावयाचे. पहिल्या नऊ कळ्या आमच्या हातून मोडल्या, दहावी धरली. पहिल्या पिढीचीं झाडें शास्त्राप्रमाणें ताडमाड झालीं व सौभाग्यवतींनीं आमच्या विद्वत्तेविषयीं जे उद्गार काढले ते येथें देत नाहीं. दुसऱ्या पिढीचीं छत्तीस रोपें ह्या ऑगस्टांत उगवलीं. त्यांत नऊ ठेंगणीं यावयास पाहिजे होतीं, आठ आलीं. सत्तावीसांऐवजीं अठ्ठावीस उंच रोपें शेजाऱ्यांत वाटलीं. आठांपैकीं पांच फळांवरून बाद झालीं, दोन बरीं आहेत, आणि एका झाडास चपटें, कंगोऱ्यांचें, गडद खांद्याचें फळ आलें आहे. परवां त्याचें सार झालें.

प्रदर्शनाची ह्या वर्षींची प्रवेशपत्रिका काल आली. तींत परंपरागत वर्गासाठीं एक नवा रकाना घातलेला आहे: 'सदर वाण आपल्या घरांत किती पिढ्यांपासून आहे?' आम्हीं 'दोन' असें लिहिलें आहे. पिढ्या कोणाच्या, माणसांच्या कीं टोमॅटोच्या, हें मंडळानें विचारलेलें नाहीं. त्या एका झाडाचें बीं बशींत वाळत आहे. ज्यांस पाहिजे असेल त्यांनीं पाकीट घेऊन यावें.